तुओल स्लेंगची शाळा सहलीतून वगळू नका : ज्येष्ठ नागरिक संघास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
ज्येष्ठ नागरिक संघ;
तसेच संघाच्या परदेश सहलींची व्यवस्था पाहणारे सहल आयोजक.

स. न. वि. वि.

संघाचे आणि गावाचे नाव मी या पत्रात मुद्दाम घातलेले नाही. मला कोणाची शोभा करायची नाही. शिवाय शहाद्यापासून मुक्ताईनगरापर्यंत खान्देशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावातून असे परिपत्रक निघू शकले असते, त्यामुळे ज्यांना ते आपल्यासाठी लिहिले आहे असे वाटेल त्या सर्वांसाठी हे पत्र आहे.

गेल्या आठवड्यात संघाच्या फलकावर येत्या हिवाळ्यातील कंबोडिया सहलीचा कार्यक्रम लागला. त्यातील चौथ्या दिवसाखाली अशी टीप आहे : ‘सभासदांच्या सूचनेनुसार नॉम पेन्ह येथील तुरुंग संग्रहालय वगळण्यात आले असून त्याऐवजी बाजारपेठेत खरेदीसाठी दोन तास व सायंकाळी नदीतील बोटीवर भोजन ठेवले आहे. सहल आनंददायी व्हावी, उदास करणारी स्थळे टाळावीत, हा हेतू.’ मागच्या सहलीत मी होतो. मी अशी सूचना केलेली नाही, आणि आमच्या बसमधल्या ज्या नऊ जणांशी या आठवड्यात बोलणे झाले त्यांच्यापैकीही कोणी केलेली नाही. पण ती केली कोणी, हा माझा मुख्य प्रश्न नाही. निर्णयच चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे, हे सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

आधी मनातले सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. संघाने आमची काळजी उत्तम घेतली होती. सिएम रीपला मला ताप आला तेव्हा सचिवसाहेब रात्री अकरा वाजता औषध शोधायला बाहेर पडले होते, हे मी विसरलेलो नाही. आंग्कोर वाटला पूर्ण दिवस दिला, तोही योग्यच होता. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेले ते विष्णूचे मंदिर पाहण्यासाठीच आपल्यापैकी बहुतेकांनी पैसे साठवले होते. तक्रार आहे ती त्यानंतरच्या ठिकाणाबद्दल.

जिचा उल्लेख परिपत्रकात ‘तुरुंग संग्रहालय’ असा आहे ती तुओल स्लेंगची जागा मुळात शाळा आहे. तीन मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर लांबलचक व्हरांडा, व्हरांड्याला लागून ओळीने वर्ग, मध्ये मोकळे आवार आणि त्यात पांढऱ्या चाफ्याची झाडे. फाटकातून आत शिरताना क्षणभर मला आपल्याच हायस्कुलात शिरल्यासारखे वाटले. मी ३४ वर्षे गणित शिकवले, त्यामुळे वर्गात पाऊल टाकले की माझी नजर आपोआप फळ्याकडे जाते. तिथे एका खोलीत भिंतीवर फळा अजून होता. फळ्यासमोर जिथे बाके असायला हवीत तिथे एक लोखंडी खाट होती आणि खाटेवर पायात अडकवायच्या बेड्या. खाली जमिनीवर पिवळसर-पांढऱ्या चौकोनांची, बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी होती. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कंबोडियातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या सैन्याने नॉम पेन्ह ताब्यात घेतले, काही दिवसांत अख्खे शहर रिकामे करून लोकांना खेड्यांकडे हाकलले, आणि पुढे याच शाळेत ‘एस-२१’ नावाचा गुप्त तुरुंग उभा राहिला. शहरात माणूसच उरला नव्हता, त्यामुळे भिंतीपलीकडे काय चालले आहे हे ऐकायला शेजारीही नव्हते. ज्यांना आत आणले त्यांच्या घरच्यांना पत्ता नव्हता, आणि आतल्यांनाही आपण नेमके कुठे आहोत हे सांगितले जात नव्हते.

हे वाचताना मला माझे घर आठवते, आणि माझा यात काय संबंध असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी ते सांगतो. १९७५ मध्ये मी सोळा वर्षांचा होतो. आणीबाणी जाहीर झाल्यावर पंधरवड्याच्या आत माझ्या काकांना पहाटे घरातून नेले. ते कोणी पुढारी नव्हते. एका पक्षाच्या सभेसाठी सतरंज्या टाकणारे आणि पत्रके वाटणारे कार्यकर्ते होते. त्यांना कुठे ठेवले आहे, हे पहिले अकरा दिवस आम्हाला कळले नाही. वडील रोज सायकलवर चौकशीला जात आणि रोज तेच उत्तर घेऊन परत येत. आजी दोन्ही वेळा काकांचे ताट वाढून झाकून ठेवी आणि रात्री गाईला घाली. बाराव्या दिवशी कार्ड आले, त्यावर तुरुंगाचा शिक्का होता आणि दोन ओळींवर शाई फासलेली होती. तो शिक्का पाहून आजी रडली, पण ते सुटकेचे रडणे होते, कारण माणूस कुठे आहे ते कळले होते. काका सव्वा वर्षाने घरी आले. मिसा या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखालच्या अटकेचे कारण सांगायला सरकार बांधील नव्हते; आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, आणीबाणी असेतोवर अशा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही, असा निकाल दिला, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्राची घडी करून ती ट्रंकेत ठेवून दिली. विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते, आणि त्यांचे नाव आमच्या घरात पुढे अनेक वर्षे आदराने घेतले जाई.

कोणी म्हणेल की आपल्याकडची आणीबाणी आणि कंबोडिया यांची तुलना होऊ शकत नाही. मीही ती करीत नाही. आमच्या काकांचे कार्ड आले आणि ते परत आले. एस-२१ मध्ये किमान बारा हजार, आणि काही अंदाजांनुसार अठरा हजारांपर्यंत माणसे नेली गेली. त्यांतून जिवंत राहिलेली म्हणून जी माहीत आहेत ती जेमतेम डझनभर. मला एवढेच म्हणायचे आहे की अकरा दिवसांचे न कळणे ज्या घराने सोसले आहे, त्या घरातल्या माणसाला त्या भिंतीवरचे हजारो फोटो निव्वळ ‘उदास करणारे’ म्हणून ओलांडून जाता येत नाहीत.

आता तक्रारी.

पहिली, वेळेची. मी घड्याळ पाहिले होते. त्या आवारात आम्हाला बरोबर ३५ मिनिटे दिली गेली, आणि त्यातली सात तिकिटे वाटण्यात व माणसे मोजण्यात गेली. त्याच दिवशी रेशमी कापडाच्या दुकानात आम्ही एक तास दहा मिनिटे होतो. चार इमारती आहेत. आम्ही दोन पाहिल्या. तिसरीच्या व्हरांड्यांना वरपासून खालपर्यंत काटेरी तारांचे जाळे ठोकलेले आहे. वरच्या मजल्यावरून उडी टाकून कैद्याने जीव देऊ नये म्हणून ते लावले होते, हे मला नंतर परतीच्या विमानात वाचायला मिळाले. आत वर्गावर्गात कच्च्या विटांच्या भिंती घालून खुराडी केली आहेत, जेमतेम दोन मीटर लांब आणि रुंदीला एक मीटरही नाही. ती मी फक्त बाहेरून पाहिली, कारण तोवर बसचा भोंगा वाजला होता.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाची. आयोजकांनी वाटलेल्या पत्रकात या ठिकाणावर एकच ओळ होती : ‘व्हिएतनाम युद्धाच्या काळातील अमेरिकन तुरुंग’. हे साफ चुकीचे आहे. हा तुरुंग अमेरिकेने चालवला नाही आणि व्हिएतनामनेही नाही. तो कंबोडियाच्याच राजवटीने, कंबोडियाच्याच माणसांसाठी चालवला, आणि त्यात आलेले बरेचसे लोक तर त्याच पक्षाचे कार्यकर्ते आणि सैनिक होते, ज्यांच्यावर वरच्यांचा संशय फिरला होता. उलट जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामचे सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरले तेव्हा दुर्गंधीच्या मागाने ही जागा उघडकीला आली. खाटांना बांधलेले शेवटचे चौदा मृतदेह तिथे सापडले, आणि त्यांच्या चौदा पांढऱ्या कबरी आवारात आहेत. आमच्यातले दोघे त्यांच्यापैकी एकीच्या कठड्यावर बसून पाणी पीत होते. ते वाईट लोक नाहीत; त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

एकूण किती माणसे गेली, हेही पत्रकात नव्हते. १९७५ ते १९७९ या पावणेचार वर्षांत उपासमार, रोग, श्रम आणि हत्या यांत सुमारे १७ ते २० लाख लोक मेले असे मानले जाते, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्या आसपास होती. आपल्याला आकडा समजावा म्हणून सांगतो : २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि धुळे जिल्ह्याची २० लाख ५० हजार. म्हणजे नवापूरपासून शिरपूरपर्यंतच्या या दोन जिल्ह्यांपैकी एक संपूर्ण रिकामा झाला असे समजा.

तिसरी तक्रार लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात मीही आहे. आवारात व्यायामाची एक उंच लाकडी चौकट आहे. शाळा होती तेव्हा मुले तिच्यावरून दोर चढत. पुढे त्याच चौकटीला कैद्यांना उलटे टांगत आणि शुद्ध हरपली की खाली ठेवलेल्या रांजणातल्या घाण पाण्यात डोके बुडवून शुद्धीवर आणत. ते रांजण अजून तिथेच आहेत. आमचा समूहफोटो त्या चौकटीखाली काढला गेला. आयोजकांच्या माणसाने ‘हसा’ म्हटले आणि आम्ही हसलो. त्या स्थळी हसऱ्या चेहऱ्यावर लाल काट मारलेले फलक लावलेले आहेत, इथे हसू नये असे सांगणारे. ज्याला एकही परकी भाषा येत नाही त्यालाही कळावे असे. तो फोटो संघाच्या स्मरणिकेत रंगीत छापून आला आहे आणि सभागृहाच्या भिंतीवर चौकटीत लागला आहे. डावीकडून तिसरा मी. दर रविवारी मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

चौथी तक्रार ‘सभासदांच्या सूचनेनुसार’ या शब्दांबद्दल. असा विषय मासिक बैठकीपुढे आलाच नाही. इतिवृत्त मी पाहिले आहे. एवढे पुरे.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत मोठी, ‘उदास करणारी स्थळे टाळावीत’ या हेतूची. ज्येष्ठांना हे झेपणार नाही, असे कार्यकारिणीने परस्पर ठरवले. मी त्या दिवशी जे पाहिले ते याच्या उलट होते. तापीपलीकडच्या एक शेतकरी ताई आमच्याबरोबर होत्या, वय सत्तरीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. फाटकाशी त्यांनीच विचारले होते, ‘‘आमले आठे कसाले लई उनात, भाऊ?’’ आत फोटोंच्या दालनात त्या थांबल्या. तिथे आणलेल्या प्रत्येक कैद्याचा आल्याबरोबर फोटो काढीत, आणि त्यांतले हजारो फोटो आज फळ्यांवर ओळीने लावलेले आहेत : शेतकरी, सैनिक, बायका, मिसरूडही न फुटलेली पोरे, मांडीवर तान्हे मूल घेतलेली एक आई. ताई एकेका चेहऱ्यापुढे उभ्या राहून हळूहळू पुढे सरकत होत्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, ‘‘ह्या कोना पोरे शेतस, सर?’’ मला उत्तर देता आले नाही. त्यांनी पदर नीट केला, एका मुलाच्या फोटोपुढे हात जोडले आणि बस सुटेपर्यंत तिथेच थांबल्या. संध्याकाळी त्या नीट जेवल्या, रात्री बायकांमध्ये गप्पाही मारल्या. ज्यांनी घरची कर्ती माणसे पोचवली आहेत, ज्यांनी १९७२चा दुष्काळ काढला आहे, त्या पिढीला एका जागेवर दोन तास गंभीर राहण्याची ताकद नाही, हे कोणत्या आधारावर ठरले?

मला स्वतःला ज्या गोष्टीने सर्वांत जास्त हलवले, ती त्या तुरुंगाच्या प्रमुखाची. कांग गुएक एआव, टोपणनाव दुच, हा पूर्वाश्रमीचा गणिताचा शिक्षक होता. कैद्यांकडून मारहाण करून आणि विजेचे झटके देऊन कबुलीजबाब लिहून घेत, ज्यांनी सी.आय.ए. या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे नावही ऐकले नव्हते ते आपण तिचे हेर असल्याचे लिहून देत. ते कागद दुचकडे जात आणि तो समासात लाल शाईने शेरे मारी : इथे अपुरे आहे, हे पुन्हा विचारा. मी ३४ वर्षे लाल पेन वापरले आहे. वह्यांचा गठ्ठा, समास, ‘कृती अपूर्ण’, ‘पुन्हा सोडवा’. त्या काचेच्या कपाटापुढे मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. ३५ मिनिटांतला बहुतेक तिथेच गेला असावा. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने चाललेल्या न्यायालयाने त्याला जुलै २०१० मध्ये ३५ वर्षांची आणि अपिलानंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये जन्मठेपेची शिक्षा दिली. २०२० मध्ये तो कैदेतच मेला. ज्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनावर आपल्या संघाची निम्मी वर्गणी जमते, त्यांनी तरी ते समास एकदा पाहायला हवेत असे मला वाटते.

आपल्या खान्देशाला तुरुंगातल्या लिखाणाची एक वेगळीच आठवण आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, अठरा अध्यायांवर अठरा, आणि अंमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेले साने गुरुजी ती बसून टिपून घेत होते. परक्या सरकारचा तुरुंग होता, तरी एक कैदी बोलत होता, दुसरा लिहीत होता, आणि तो कागद बाहेर येऊन घरोघरी पोचला. तुओल स्लेंगमध्येही कैद्यांच्या हातात कागद-पेन दिले होते. तिथल्या भिंतीवर कैद्यांसाठीचे दहा नियम लावलेले आहेत. त्यांपैकी एक असा की फटके किंवा विजेचे झटके बसत असताना अजिबात रडायचे नाही. धुळ्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण ज्या मुलखाने तुरुंगाला शाळा झालेली पाहिली, त्याच्या माणसांनी शाळेचा तुरुंग झालेला पाहायला जाऊन खरेदीसाठी मागे फिरावे, हे मला पटत नाही.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांचे बारा किल्ले यादीत घेतले, तेव्हा आपण सभागृहात पेढे वाटले होते, आणि आपल्या शेजारचा साल्हेर त्यांत आहे म्हणून अध्यक्षांनी खास भाषण केले होते. पॅरिसला भरलेल्या त्याच अधिवेशनात कंबोडियाची तीन स्मारकस्थळे यादीत आली : तुओल स्लेंग, शहराबाहेर सुमारे पंधरा किलोमीटरवरचे चोउंग एक, जिथे इथल्या कैद्यांना नेऊन मारीत, आणि एम-१३ हा आधीचा तुरुंग. आपल्या किल्ल्यांवर कोणी दारूच्या बाटल्या नेल्या की आपण वर्तमानपत्राला पत्र लिहितो. त्यांच्या स्मारकात आपण कसे वागलो, तेही कोणीतरी लिहायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा.

एक, तुओल स्लेंग कार्यक्रमात परत घ्यावे आणि तिथे किमान दोन तास द्यावेत. ज्यांना नको असेल, ज्यांची प्रकृती बरी नसेल, त्यांच्यावर सक्ती नसावी. त्यांना बाजारात सोडावे आणि नंतर आणावे. बस एकच असल्याची अडचण मला ठाऊक आहे, पण तिथे रिक्षा मिळतात आणि आम्ही त्यांतून फिरलो आहोत.

दोन, आयोजकांनी तिथला स्थानिक मार्गदर्शक घ्यावा, आणि त्या भेटीला लागून लगेच दुकान किंवा भोजन ठेवू नये. मधे तासभर मोकळा असू द्यावा. बोटीवरचे जेवण दुसऱ्या दिवशी ठेवता येईल.

तीन, माहितीपत्रकातील चूक दुरुस्त करावी. मराठीतले एक पान मी लिहून दिले आहे, ते या पत्रासोबत आहे. आपल्या संघात इतिहासाचे दोन निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी ते तपासावे, माझे चुकले असेल तर खोडावे. मला लाल शाईची सवय आहे, पण या वेळी ती माझ्यावर चालली तर हरकत नाही.

चार, तो समूहफोटो सभागृहाच्या भिंतीवरून काढावा आणि स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत त्या पानावर दिलगिरीची चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठीखाली पहिली सही माझी घ्यावी.

पाच, यापुढे सहलीतून एखादे स्थळ वगळायचे असेल तर ते मासिक बैठकीत मांडावे, आणि ‘सभासदांची सूचना’ असे लिहायचे असेल तर किती सभासदांची, तेही लिहावे.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. तापीपलीकडच्या त्या ताईंना मी फोन केला होता. त्याही येणार आहेत. त्यांना दोन पायऱ्या चढायला त्रास होतो, म्हणून बैठक वरच्या दालनाऐवजी खालच्या खोलीत ठेवली तर बरे होईल.

आपला,
संघाचा एक आजीव सभासद
(निवृत्त गणित शिक्षक)